जातिवंत रिट्रीव्हर पिल्लू हवंय, वर्किंग लाइनचं (सोलापूर)

वस्तीवरचा
नमस्कार मंडळी. मोहोळपासून आत आमची वस्ती आहे. द्राक्षबाग, थोडा ऊस, एक शेततळं. घरात कुत्री कायम होती, पण सगळी गावठी. आता लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर घ्यायचं घरात ठरलंय, फक्त तो दिवसभर फरशीवर पडून राहणारा नको. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघतो. बदक पाण्यात पडतं, कुत्रा एका शिट्टीवर पोहत जातो, पिसाला धक्का न लावता तोंडात धरतो आणि आणून मालकाच्या हातात देतो. त्या रक्ताचं पिल्लू पाहिजे. इकडच्या जाहिराती सगळ्या 'हेवी बोन, बिग हेड, शो क्वालिटी' अशा. शिकारी लाइनचं पिल्लू ओळखायचं कसं? आई-बापात काय बघायचं, कागदात काय बघायचं, आणि सात-आठ पिल्लांतून नेमकं कोणतं उचलायचं? आपल्या उन्हाळ्यात ते टिकेल का? शेजारचे म्हणतात ससे-तितर उठवायलाही कामाला येईल. त्याबद्दलही सांगा.

नान्नजचं माळ
तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, राग मानू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पाठलाग करणं, हाकारा घालणं, सापळा लावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे कुत्रा सशामागे सोडला आणि ससा निसटला तरी गुन्हा झाला. ससा, तितर, लावा यांना संरक्षण आहे. काळवीट आणि लांडगा तर पहिल्याच अनुसूचीत.

आपल्या जिल्ह्यात याला जास्त महत्त्व आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. माळढोक आता तिथं दिसणं जवळजवळ संपलंय, पण लांडगा, खोकड, काळवीट, धाविक पक्षी अजून आहेत. कुत्र्यांमुळे त्यांना दोन बाजूंनी मार बसतो. कुत्री जमिनीवरची घरटी मोडतात, पाडसं धरतात. आणि डिस्टेंपर, रेबीजसारखे रोग कुत्र्यांतून लांडग्या-खोकडांत जातात. म्हणून कुत्रा कोणत्याही जातीचा घ्या, पण लस पूर्ण द्या आणि माळावर मोकळा सोडू नका. रानडुक्कर पीक नासत असेल तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, कुत्रा पाठवू नका.

कामाचा रिट्रीव्हर पाळायला माझी अजिबात हरकत नाही. उलट तो शिकवलेला असेल तर थांब म्हटल्यावर थांबतो, ही माळासाठी चांगलीच गोष्ट आहे.

वस्तीवरचा
राग कसला, दादा. शेजाऱ्यांनाही हेच वाचून दाखवतो. मला शिकार करायचीच नाही. कुत्र्याच्या अंगात जे काम आहे ते त्याच्याकडून करून घ्यायचंय.

मंगळवेढ्याचा कारवानी
मग परदेशी कुत्र्याच्या नादी का लागता? विजापूर ओलांडलं की मुधोळ, तिथला मुधोळ हाउंड म्हणजेच आपला कारवानी. मालोजीराव घोरपड्यांनी जपलेली जात. तिथं तिम्मापूरला सरकारी श्वान केंद्र आहे. उन्हातान्हात पळणारं, दोन भाकरींवर राहणारं आपलं जनावर. २००५ साली टपाल तिकिटावर मुधोळ आलं, लष्करानंही घेतलं. लॅब आणून एसी लावण्यापेक्षा कारवानी आणा.

फौजी अण्णा
कारवानीबद्दल तुम्ही लिहिलं ते सगळं खरं. पण तो नजरेचा कुत्रा. लांब काही हललं की सुटतो, आणि एकदा सुटला की हाक त्याच्या कानात शिरत नाही. या भाऊंना हवंय ते वेगळं काम आहे: नाकानं शोधायचं, अलगद उचलायचं आणि परत आणून द्यायचं. कारवानी पाठलागासाठी घडला, रिट्रीव्हर आणण्यासाठी. शिवाय वर नान्नजच्या दादांनी लिहिलंय ते लक्षात घेतलं तर माळाला लागून असलेल्या वस्तीवर मोकळा कारवानी हा जास्त जोखमीचा.

माझी नोकरी श्वानपथकात झाली, लॅब्रॅडॉर रोज हाताखाली होते. स्फोटकं शोधायला हीच जात का, तर खेळणं मिळावं म्हणून ती मरेपर्यंत शोधत राहते. मूळ बघा ना. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांचे कुत्रे होते, जाळ्यातून सुटलेला मासा आणि पाण्यातला दोर ओढून आणायचे. ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी नेले, बंदुकीच्या शिकारीसाठी जोपासले. १९०३ मध्ये ब्रिटिश केनेल क्लबनं लॅब्रॅडॉर ही जात मान्य केली. गोल्डनची गोष्ट स्कॉटलंडमधली. लॉर्ड ट्वीडमाउथनं १८६८ मध्ये पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचा मेळ घातला. म्हणजे दोन्ही जाती थंड पाण्यातल्या. तिथं घाम फुटेल असं ऊन नसतं, हे विसरायचं नाही.

निवडीचं सविस्तर रात्री लिहितो, आता फिरायला जायची वेळ झाली.

हुतात्मा एक्सप्रेस
अण्णा येईपर्यंत कागदांचं मी सांगतो. माझा भाऊ स्कॉटलंडात आहे, त्याच्याकडे वर्किंग लॅब आहे, त्यामुळे तिकडची वंशावळ बघायला मिळाली.

तिकडे शो आणि फील्ड या दोन लाइन गेल्या कित्येक पिढ्यांत इतक्या लांब गेल्यात की शेजारी उभे केले तर एकाच जातीचे वाटत नाहीत. शोचा कुत्रा रुंद, जड डोक्याचा, आखूड पायांचा. फील्डचा सडपातळ, पायांनी उंच, शेपूट बारीक, डोळ्यात सतत 'पुढे काय' असा भाव. त्यामुळे 'हेवी बोन' लिहिलेली जाहिरात तुमच्यासाठी नाहीच. उन्हात जादाचं प्रत्येक किलो त्रासच देतं.

ब्रिटिश वंशावळीत नावाच्या आधी 'एफटीसीएच' असेल तर तो फील्ड ट्रायलचा, म्हणजे शिकारीतल्या कामाच्या स्पर्धेचा, चॅम्पियन. अमेरिकन कागदावर 'एफसी' किंवा नावामागे 'एमएच', म्हणजे मास्टर हंटर. पणजोबाच्या रांगेत असं एखादं नाव सापडलं म्हणून हुरळून जायचं नाही. आई-बाप आणि आजी-आजोबा या पिढ्यांत काम केलेली जनावरं आहेत का, ते महत्त्वाचं.

आणि ट्रायलमध्ये कुत्रा बाद कशावरून होतो ते ऐकण्यासारखं आहे. आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या परीक्षक बोटांनी चाचपतात. चेपलेल्या लागल्या तर तोंड कठीण, कुत्रा बाहेर. रांगेत बसून कुंई-कुंई केलं तरी बाहेर. हुकूम नसताना पळाला, पाण्यात उतरायला नकार दिला, तरी बाहेर. म्हणजे मऊ तोंड, शांतपणा आणि पाण्याची ओढ हे पिढ्यान्‌पिढ्या गाळून घेतलेले गुण आहेत.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की उन्हाळ्यात तिकडे 'वर्किंग टेस्ट' होतात, त्यात एकही पक्षी मरत नाही. साधारण अर्धा किलोची कॅनव्हासची डमी फेकतात, लपवतात, पाण्यात टाकतात. हे सगळं मोहोळला करता येईल.

माढ्याची लेक
वाचतेय. फार उपयोगी धागा. एक शंका: आपल्याकडे 'केसीआय पेपर' म्हणतात, ते असले म्हणजे पिल्लू चांगलं का?

हुतात्मा एक्सप्रेस
नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र म्हणजे पिल्लाचे आई-बाप कोण ते नोंदलेलं आहे, एवढंच. नितंबाचा सांधा कसा आहे किंवा स्वभाव कसा आहे, यातलं ते काही सांगत नाही. पण कागद नसेल तर आई-बापच माहीत नाहीत, मग पुढचं सगळं अंदाजावर. 'अर्ज टाकलाय, पेपर नंतर कुरिअरनं येतील' असं कुणी म्हटलं तर पैसेही नंतरच द्या. मायक्रोचिपचा आकडा कागदावर असतो. डॉक्टरांकडे रीडर असेल तर आई-बापाच्या मानेवर फिरवून तो आकडा जुळवून बघा.

फौजी अण्णा
आलो. आता निवड.

पहिली गोष्ट, पिल्लू निवडायला जाऊ नका, आई निवडायला जा. बाप बहुतेक वेळा बाहेरचा असतो, त्याचे व्हिडिओ मागा. आई मात्र समोर दिसलीच पाहिजे. 'ती गावाला आहे', 'ती चावते म्हणून बांधलीय' असं ऐकलं की नमस्कार करून निघायचं. पहिले तीन आठवडे पिल्लांचं जग म्हणजे आईच. ती घाबरट असेल तर पिल्लांना रक्तातून मिळतं ते वेगळं आणि तिचं बघून शिकतात ते वेगळं.

आईला काय बघायचं? दारात अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकली तरी चालेल, पण दोन मिनिटांत शेपूट हलवत वास घ्यायला आली पाहिजे. मागच्या मागे सरकत भुंकणारी नको. मग मालकाला सांगा, एक मोजा गुंडाळून त्याला कोंबडीचं पीस बांधा आणि उंच गवतात टाका, तिला पडताना दिसू न देता. ती वाऱ्याच्या खालून नाक वर करून येते का, जागा सापडली नाही तरी गोल गोल शोधत राहते का, की दहा पावलांवर कंटाळून मालकाकडे बघते? सापडल्यावर जागेवर बसून चावते की उचलून घेऊन येते? आणून देताना दात रोवून ओढाताण करते की सोडते? एवढं बघितलंत तरी निम्मं काम झालं. पोटाशी पिल्लं असताना तिला फार पळवायचं नाही, हे ध्यानात ठेवा. नाहीतर जुने व्हिडिओ बघा.

आता पिल्लं. सातव्या आठवड्याच्या सुमारास बघायला जा, सकाळी, पोटं रिकामी असताना. सगळ्यांना एकत्र बघून काही कळत नाही. जे धावत येऊन बुटाची नाडी ओढतं त्यावर लोक भाळतात, पण ते फक्त त्या वेळी जागं असतं. प्रत्येकाला एकेकटं, त्यांनी न बघितलेल्या खोलीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात न्या. खाली ठेवा, काही बोलू नका. थोडा वेळ गोंधळणारच. मग इकडेतिकडे वास घेत फिरायला लागलं तर चांगलं. कागदाचा बोळा जमिनीलगत फेका. मागे जातं का, तोंडात धरतं का, आणि धरल्यावर तुमच्याकडे वळतं का? हे वळणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उचलून कोपऱ्यात पळणारं पिल्लू हुशार असतं, पण त्याला शिकवायला मेहनत पडते. मग पाच-सहा पावलांवर स्टीलची थाळी पाडा. दचकू द्या. दचकून परत थाळीपाशी वास घ्यायला आलं तर ते पिल्लू लक्षात ठेवा. कोपऱ्यात दबून बसलं आणि बाहेरच येईना, तर नको, कितीही देखणं असलं तरी.

मात्र सात आठवड्यांची ही परीक्षा मोठेपणीचं सगळं वागणं सांगत नाही. टोकाची पिल्लं, फार भित्री आणि फार आडदांड, एवढी वगळायला ती उपयोगी. उरलेल्यांपैकी कुठलंही घ्या. आई-बाप चांगले असतील तर चांगलंच निघेल, पुढचं तुमच्या हातात.

रंगाचा हट्ट नको. लॅब्रॅडॉरचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. 'फॉक्स रेड' हा पिवळ्याचाच गडद प्रकार. 'सिल्व्हर'ला जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

नान्नजचं माळ
अण्णा, अप्रतिम लिहिलंत. थाळीचं जपून ठेवतो.

बार्शीची पशुवैद्य
उशिरा आले, पण तब्येतीचं मला लिहायलाच हवं. आमच्याकडे येणाऱ्या तरुण लॅब्रॅडॉरांत लंगडण्याचं प्रमाण पाहिलं की जीव तुटतो.

सांध्यांपासून सुरू करते. नितंबाच्या सांध्याची खोबण उथळ राहणं, म्हणजे हिप डिसप्लेझिया, बरंचसं आनुवंशिक असतं. कोपराच्या सांध्यातही असाच दोष येतो. पिल्लाकडे बघून काही कळत नाही, आई-बापाचा एक्स-रेच बघावा लागतो. ब्रिटिश पद्धतीत एका बाजूला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून १०६ पर्यंत. जितके कमी तितकं चांगलं. हा एक्स-रे वर्षाच्या आत ग्राह्य धरत नाहीत, अमेरिकन पद्धतीत अंतिम निकाल दोन वर्षांनंतरच. म्हणजे दहा महिन्यांच्या मादीचं वेत घेतलं असेल तर तपासणी झालेलीच नाही, हे उघड आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसारही १८ महिन्यांआधी मादीला फळवता येत नाही आणि वर्षात एकाहून जास्त वेत घेता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंही नाही.

पण बाजारात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं '४५ दिवसांचं आहे' म्हणून सर्रास दिली जातात. तोंड उघडून बघा. आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे २८ दात आलेले असतात. पुढचेच दात दिसतायत आणि मागच्या हिरड्या कोऱ्या आहेत, तर पिल्लू लहान आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू भावंडांबरोबर चावण्याची मर्यादा शिकत नाही. ज्या कुत्र्याकडून मऊ तोंड हवंय, त्याच्या बाबतीत तर हे चालणारच नाही.

आता डीएनए. वर्किंग लॅबमध्ये एक दोष असतो, ईआयसी. पाच-दहा मिनिटं जोरात पळाल्यावर मागचे पाय लटपटतात, कुत्रा कोसळतो, कधी जातोही. सोलापुरात असं झालं तर सगळे म्हणतील ऊन लागलं, आणि खरा दोष कळणारच नाही. तसाच पीआरए, त्यात दृष्टी हळूहळू जाते. दोन्ही दोष अप्रभावी जनुकाचे आहेत. आई किंवा बाप यांपैकी एक जण पूर्ण 'क्लिअर' असेल तर पिल्लू आजारी होत नाही, फार तर वाहक होतं. त्यामुळे दोघांचे निकाल मागा. रक्ताच्या किंवा गालातल्या नमुन्यावर चाचणी होते. 'आमच्याकडे असलं काही नसतं' हे उत्तर म्हणजे चाचणी केलेली नाही.

आणि तुमची द्राक्षबाग! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि कुणाला किती सोसेल ते आधी सांगता येत नाही. त्यात लॅब्रॅडॉरची भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या जातीत बऱ्याच कुत्र्यांच्या 'पीओएमसी' जनुकात तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. तो बागेत पडलेले मणी खाणारच. काढणीच्या दिवसांत आणि बेदाणा शेडवर कुत्रा आत येणार नाही अशी जाळी लावा. खाल्लं असं नुसतं वाटलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा. फवारणीनंतरही बागेत नको.

माढ्याची लेक
आणि शेततळं! कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पंजा ठरत नाही. पोहणारा कुत्रा उतरतो खुशीत आणि वर येता येत नाही, कडेकडेनं घिरट्या घालत दमतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर कुत्री अशीच गेली, रात्रीची गेली म्हणून कुणाला कळलंही नाही. तळ्याला कुंपण घाला. दोन बाजूंनी जाड दोराची जाळी काठावर खुंट्यांना बांधून पाण्यात फूट-दोन फूट खाली सोडा. पिल्लाला पहिल्यापासून त्याच जाळीवरून उतरवा आणि त्याच जाळीवरून चढवा, म्हणजे अंधारातही तिकडेच जाईल. माणसांनाही ती उपयोगी पडते.

बार्शीची पशुवैद्य
माढ्याच्या ताईंचा प्रतिसाद धागाकर्त्यानं आज रात्रीच अमलात आणावा, पिल्लू येवो न येवो.

मंगळवेढ्याचा कारवानी
पटलं. काम वेगळं आहे हे मान्य. पण उन्हाचं काय? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो.

फौजी अण्णा
उन्हाळ्यात काम पहाटे, सूर्य वर यायच्या आत. संध्याकाळी जमीन तापलेली असते, तळहाताची पालथी बाजू मातीला लावा, सोसवेना तर त्यालाही सोसणार नाही. डमी दोन-तीनदाच टाका. हा कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तुम्हालाच थांबवावं लागतं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली की सावली, पंखा, पोटाला आणि जांघेला साधं पाणी. केस भादरू नका, त्यांच्या दुहेरी थरानं उन्हापासूनही आडोसा होतो. दुपारी पत्र्याच्या शेडखाली बांधणं म्हणजे भट्टीत घालणं. आणि ऊसपट्ट्यात बिबट्याची ये-जा असेल तर रात्री साखळीला बाहेर ठेवायचाच नाही.

एक प्रश्न मात्र मला तुम्हाला विचारायचाय, वस्तीवरचे भाऊ. वर्किंग लाइन म्हणजे रोज काम मागणारं डोकं. द्राक्षाच्या छाटणीत, ऑक्टोबरात, तुम्हाला सकाळची वीस मिनिटं मिळणार का? नाही मिळाली तर ते बागेचं ड्रिप उकरून काढेल, आणि दोष त्याचा नसेल.

वस्तीवरचा
अण्णा, घरात बोललो. पहाटे मी आणि संध्याकाळी धाकटा भाऊ, असं ठरलंय. छाटणीच्या दिवसांत वडील बघतील, त्यांनाच जास्त हौस आहे.

आज एका ठिकाणी फोन केला. गाव सांगत नाही. त्यांनी 'दोघेही पेपरवाले' म्हटलं. आईच्या नितंबाचा एक्स-रे विचारला तर म्हणाले, एवढं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं, आणि फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी ताई होत्या. त्यांनी आईचे आणि बापाचे दोन्ही ईआयसी निकाल लगेच पाठवले, एक्स-रेची तारीखही सांगितली आणि उलट मलाच विचारलं, शेततळ्याला कुंपण आहे का. बाप दुसऱ्या राज्यातला, त्याच्या आजोबाच्या नावाआधी एफटीसीएच आहे. आई सडपातळ आहे, व्हिडिओत गवतातून डमी शोधताना दिसते. वेत अजून व्हायचंय, पिल्लं दिवाळीच्या पुढे मिळतील म्हणाल्या. नर घ्यावा की मादी?

हुतात्मा एक्सप्रेस
ज्या ब्रीडरनं तुम्हालाच प्रश्न विचारले, त्यांचा नंबर जपून ठेवा. आणि एक काम करा, बापाच्या आणि आईच्या घराण्यात किती पिढ्यांत रक्ताचं नातं आहे ते बघा. एकच आजोबा दोन्हीकडे असेल तर दुसरं वेत शोधा.

फौजी अण्णा
नर-मादीनं कामात फरक पडत नाही. मादीला माजावर असताना बांधून सांभाळावं लागतं, वस्तीवर मोकळे कुत्रे फार. तेवढं जमत असेल तर मादी घ्या, अंगानं हलकी असते. ब्रिटिश मानकात लॅब्रॅडॉर नराची उंची ५६-५७ सेंटीमीटर, मादीची ५५-५६. आपल्या उन्हात हलकं ते बरं.

बार्शीची पशुवैद्य
दिवाळीनंतरचा काळ अगदी योग्य आहे, उन्हाळ्यापर्यंत पिल्लू तयार होतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत झालेली असेल, तिचं स्टिकर लावलेलं कार्ड घ्या. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर गावातल्या कुत्र्यांत सोडू नका, पार्व्होचा रोग फार आहे. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन ट्रॅक्टर, बैल, बाजार, पाहुणे सगळं दाखवा. गोचीड रोज बघा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. आणायच्या दिवशी गाडीतून पहाटे निघा, सोबत आईचा वास असलेलं फडकं मागून घ्या, आणि ब्रीडरकडचंच खाणं निदान आठवडाभर चालू ठेवा.

वस्तीवरचा
सगळं लिहून घेतलं. उद्या दोराची जाळी आणायला मोहोळला जातोय. ताईंना भेटायला जाईन तेव्हा आईचे फोटो आणि वंशावळीचा कागद इथंच टाकतो, अण्णा आणि हुतात्मा, तुम्ही दोघं नजर घाला.